रिम किती इंची घ्यावी? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

गेल्या काही महिन्यांत छोट्या, चपळ गाड्यांच्या चाकांविषयी इतकी पत्रे आली की या वेळचा सगळा स्तंभ त्यांनाच द्यावा लागला. मायलेज आणि विम्याविषयीची पत्रे पुढील अंकासाठी राखून ठेवली आहेत. जिथे अनेकांनी एकच गोष्ट विचारली होती तिथे पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न (टिळकवाडी, बेळगाव) : माझ्याकडे स्विफ्ट आहे आणि तिला मूळचे 185/65 आर15 टायर आहेत. सवड मिळाली की मित्रांबरोबर जांबोटी-कणकुंबीमार्गे चोर्ला घाट उतरून गोव्याला जातो. वळणावर गाडी झुकते आणि स्टिअरिंग फिरवल्यावर क्षणभर उशिराने वळते, असे वाटते. टायरच्या दुकानात 17 इंची मॅगव्हील आणि 205/50 टायर घालण्याचा सल्ला मिळाला. रिम जितकी मोठी तितकी गाडी रस्त्याला चिकटून चालते, असे त्यांचे म्हणणे आहे. ते खरे आहे का?

उत्तर : आपल्याला जाणवणारा उशीर खरा आहे आणि दुकानदाराच्या बोलण्यातही थोडे तथ्य आहे. टायरवरच्या 185/65 या आकड्यांचा अर्थ असा की त्याची रुंदी 185 मिलिमीटर असून बाजूच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या 65 टक्के, म्हणजे सुमारे 120 मिलिमीटर आहे. पुढच्या आर15 मधला 15 हा रिमचा इंचांतील व्यास. स्टिअरिंग फिरवले की आधी रिम वळते, मग ही रबरी भिंत पीळ खाते आणि त्यानंतरच रस्त्याला टेकलेला भाग गाडीला आडवा जोर देऊ लागतो. भिंत जितकी उंच आणि मऊ तितका हा पीळ जास्त. 205/45 आर17 टायरची भिंत अवघी 92 मिलिमीटर असते, त्यामुळे गाडी हाताच्या इशाऱ्यासरशी वळू लागते. वंटमुरी किंवा तवंदी घाटात महामार्गाच्या सपाट डांबरावर हा फरक कोणालाही जाणवेल.

मात्र लवकर वळणे आणि रस्ता धरून राहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गाडीचे झुकणे तर रिमवर अवलंबूनच नसते. ते स्प्रिंग, अँटी-रोल बार (डाव्या-उजव्या चाकांना जोडून झुकणे रोखणारी दांडी) आणि गाडीच्या गुरुत्वमध्याची उंची यांवर ठरते. आता चाकाच्या वजनाकडे येऊ, कारण चोर्ल्याच्या रस्त्यावर सगळा प्रश्न तिथेच आहे. रिम, टायर, ब्रेकची डिस्क व कॅलिपर, हब आणि खालच्या आर्मचा काही भाग एवढे वजन स्प्रिंगच्या खाली असते व प्रत्येक खड्ड्याबरोबर वर-खाली होते. बॉडी, इंजिन आणि आत बसलेली माणसे स्प्रिंगच्या वर असतात आणि त्यामानाने स्थिर राहतात. नऊशे-साडेनऊशे किलोच्या गाडीत एका चाकापाशी स्प्रिंगखाली साधारण 30 ते 35 किलो वजन असते आणि स्प्रिंगवर दोनशे किलोंहून थोडे अधिक. 15 इंचांवरून साध्या ओतीव 17 इंची रिमवर गेल्यास रिम आणि टायर मिळून दर चाकामागे तीन-चार किलो सहज वाढतात. दीड-दोन टनांच्या एसयूव्हीला ही वाढ कळणारही नाही. आपल्या गाडीत मात्र ती स्प्रिंगखालच्या वजनाचा दहावा हिस्सा ठरते आणि शॉकअप तर जुन्याच वजनाचा हिशेब धरून बसवलेले असतात.

याचा परिणाम रस्त्यावर कसा दिसतो, ते पाहू. टायरमधील हवा हीसुद्धा एक स्प्रिंगच असल्यामुळे चाकाला स्वतःची अशी उसळण्याची लय असते. छोट्या गाडीत ती सेकंदाला 12-13 वेळांच्या आसपास येते. पावसाळा संपल्यावर जांबोटीच्या पुढे एखाद्या वळणात डांबर उखडून मीटर-मीटरभर अंतरावर उंचवटे तयार झाले असतील आणि आपण ताशी 45 किलोमीटर वेगाने ते वळण घेत असाल, तर चाकाला सेकंदाला साडेबारा धक्के बसतात, म्हणजे नेमके त्याच्या स्वतःच्या लयीत. अशा वेळी चाकाला थोपवणे हे शॉकअपचे काम आहे आणि चाक जितके जड तितके ते काम अवघड. थोपवणे जमले नाही तर चाक रस्त्यावर टेकून फिरण्याऐवजी उड्या मारत जाते. यावर कोणी म्हणेल की चाक अर्धा वेळ हलके टेकले तर उरलेला अर्धा वेळ ते जोरात दाबले जाईल आणि हिशेब सारखाच राहील. तसे होत नाही, कारण टायरवरचा भार दुप्पट झाला तरी त्याची पकड दुपटीपेक्षा कमीच वाढते. उडीत गेलेली पकड आपटण्यात भरून निघत नाही आणि गाडी वळणाच्या बाहेरच्या कडेकडे वीत-वीत सरकत जाते. समोरून दगडांचा डंपर येत असेल तर तेवढी वीतही फार मोठी असते.

दुकानदाराने सुचवलेला 205/50 आर17 हा आकार तर मला मुळीच पटत नाही. आपल्या मूळ टायरसह चाकाचा व्यास सुमारे 621 मिलिमीटर आहे, तर या नव्या चाकाचा सुमारे 637 भरतो. म्हणजे गाडी साडेसात मिलिमीटरने उंच होईल, प्रत्येक गिअर अडीच टक्क्यांनी लांबून चढावर इंजिन तेवढे मंद वाटेल, आणि स्पीडोमीटर आजच्यापेक्षा अडीच टक्क्यांनी कमी वेग दाखवेल. झुकणारी गाडी आणखी उंच करून ती कमी झुकेल, अशी अपेक्षा कशी करावी? 205/45 आर17 चा व्यास 616 मिलिमीटर, म्हणजे मूळच्या जवळ आहे, पण तिथे भारांक पाहावा लागतो. आपल्या टायरवर 88 लिहिलेले असेल, म्हणजे तो 560 किलो भार पेलतो. 205/45 आर17 साध्या बनावटीत 84 भारांकाचा, म्हणजे 500 किलोंचा येतो. तोच 88 भारांकाचा हवा असेल तर एक्सएल (म्हणजे जादा भार पेलणाऱ्या बनावटीच्या) शिक्क्याचा घ्यावा लागतो आणि तेवढा भार पेलायला त्यात हवाही जास्त भरावी लागते. एकीकडे पातळ भिंत आणि दुसरीकडे जास्त हवा, असा दुहेरी कडकपणा आपल्या वाट्याला येईल.

माझा सल्ला असा आहे. आधी शॉकअप तपासून घ्या, कारण चार-पाच वर्षे या रस्त्यांवर चाललेल्या गाडीचे उशिरा वळणे पुष्कळदा थकलेल्या शॉकअपमुळे आणि खालच्या आर्मच्या झिजलेल्या बुशमुळे असते. त्यानंतर अलाइनमेंट करून घ्या. एवढे करूनही समाधान झाले नाही तर 15 इंचच ठेवून, आपल्या रिमची रुंदी साडेपाच इंचांपेक्षा कमी नसेल तर, 195/60 आर15 आकाराचे चांगल्या रबराचे टायर घाला. त्यांचा व्यास 615 मिलिमीटर असल्यामुळे बाकी कशालाही हात लावावा लागत नाही. देखण्या चाकाची हौस असेलच तर 195/55 आर16 पर्यंत जावे. त्याचा व्यास मूळच्या जवळजवळ तंतोतंत, 621 मिलिमीटरच भरतो. पण रिम आधी दुकानातल्या काट्यावर ठेवून जुन्या रिमशी तिचे वजन ताडून पाहावे. दुकानदार याला कुरकुरतील. कुरकुरू द्यावे.

प्रश्न (उद्यमबाग, बेळगाव) : मी फौंड्रीत कामाला आहे आणि मोटारींचा शौक आहे. चाकाचे एक किलो वजन कमी करणे म्हणजे बॉडीचे दहा किलो कमी करण्यासारखे आहे, असे मित्र छातीठोकपणे सांगतात. यात किती तथ्य आहे? शिवाय ओतीव, फ्लो फॉर्म केलेल्या आणि फोर्ज केलेल्या रिमच्या किमतींत एवढी तफावत का असते?

उत्तर : दहापट हा आकडा हिशेबात कुठेच बसत नाही. वेग घेताना चाकासाठी इंजिनाला दोन कामे करावी लागतात. एक म्हणजे चाकाला गाडीबरोबर पुढे नेणे आणि दुसरे म्हणजे त्याला आसाभोवती फिरवणे. टायरच्या अगदी बाहेरच्या पृष्ठभागावरील एक किलो या दोन्ही कामांमुळे दोन किलोंसारखा वागतो आणि तीच वरची मर्यादा आहे. आसाच्या जितके जवळ यावे तितका दुसऱ्या कामाचा वाटा अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. रिमचे बहुतेक वजन टायरच्या त्रिज्येच्या सहा-सात दशांशांवर असते, म्हणून तिथला एक किलो फार तर दीड किलोइतका भरतो. हबजवळच्या नटांचा एक किलो जवळपास एकच किलो राहतो. चारही रिम मिळून 12 किलो वाढले असे धरले तर वेग घेताना आणि ब्रेक लावताना ते 18 किलोंसारखे जाणवतील. मागच्या सीटवर पाच वर्षांचे मूल बसवल्यावर गाडी जितकी मंद होईल तितकीच ती या रिममुळे होईल.

मग हलक्या रिमचा एवढा बोलबाला का? कारण तिचा खरा फायदा वेग घेण्यात नसून खडबडीत रस्त्यावर चाक टेकलेले राहण्यात आहे, हे वरच्या उत्तरात आलेच आहे. तिथेही किती पट असा एकच आकडा सांगता येत नाही. शॉकअप, रस्ता आणि वेग यांप्रमाणे तो बदलतो. मोठ्या रिमचा आणखी एक तोटा लक्षात येत नाही. ती लहान रिमइतक्याच वजनाची मिळाली तरी तिचा कडा आसापासून दूर गेलेला असल्याने ती फिरवायला जडच पडते. आणि रिमबरोबर टायरचेही वजन असते. हलक्या रिमवर भरपूर पैसे खर्चून तिच्यावर जाड, भारी टायर चढवणारे लोक मी पाहतो, तेव्हा नवल वाटते. टायरचा बराचसा ऐवज तर चाकाच्या सर्वांत बाहेरच्या कडेला असतो.

आता ओतकामाविषयी. यातले बरेचसे आपण माझ्याहून अधिक जाणता, तरी इतर वाचकांसाठी सांगतो. बाजारातील बहुतेक अलॉय रिम सुमारे सात टक्के सिलिकॉन असलेल्या ए356 या अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातूच्या असतात आणि कमी दाबाने साच्यात भरून ओतल्या जातात. ओतीव वस्तूत वायूचे बारीक पोकळ कण राहण्याचा धोका असतो. ब्लो होलने वाया गेलेला माल पाहिल्याशिवाय फौंड्रीतला आठवडा जात नसेल, त्यामुळे आपल्याला हे वेगळे सांगायला नको. हा धोका धरून कारखानदार रिमची जाडी थोडी जास्त ठेवतो आणि तेच तिचे वजन होते. फ्लो फॉर्म केलेल्या रिममध्ये चेहरा ओतीवच असतो. टायर जिच्यावर बसतो ती पाठीमागची नळी मात्र तापवून, फिरती ठेवून रोलरने दाबत लांबवतात. त्यामुळे धातूचे कण दाट होतात आणि नळी पातळ ठेवता येते. वजन नेमके बाहेरच्या कडेवर घटत असल्यामुळे पैशाच्या मानाने हा प्रकार मला सर्वांत किफायतशीर वाटतो. फोर्ज केलेली रिम बहुधा 6061 मिश्रधातूच्या ठोकळ्यावर प्रचंड दाब देऊन घडवतात आणि नंतर मशीनवर कोरतात. तीत ब्लो होलचा प्रश्न उरत नाही, म्हणून ती पातळ आणि तरीही बळकट होते. मात्र प्रेस, डाय आणि मशीनचे तास यांचा खर्च तिच्या किमतीत उतरतो.

अ‍ॅल्युमिनियमची घनता पोलादाच्या जेमतेम एक तृतीयांश असली तरी अलॉय रिम पोलादी रिमच्या एक तृतीयांश वजनाची होत नाही, कारण अ‍ॅल्युमिनियमचा ताठरपणाही पोलादाच्या साधारण एक तृतीयांशच आहे आणि तो भरून काढायला जाडी वाढवावी लागते. स्वस्त अलॉय रिम मूळ पोलादी रिमपेक्षा जड निघाल्याची उदाहरणे कमी नाहीत. म्हणून काट्याचा आग्रह.

आपला व्यवसाय लक्षात घेऊन एक जादा माहिती देतो. इंग्लंडच्या लोटस कंपनीने 1996 साली आणलेल्या एलिस या छोट्या स्पोर्ट्स कारच्या सुरुवातीच्या गाड्यांना ब्रेकच्या डिस्कही बिडाच्या न देता सिलिकॉन कार्बाइड मिसळलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या दिल्या होत्या. स्प्रिंगखालचे वजन उतरवण्यासाठी तो कारखाना इतक्या थराला गेला होता. पुढे त्याच गाडीला पुन्हा बिडाच्या डिस्क आल्या.

प्रश्न (निपाणी) : माझा मुलगा नोकरीनिमित्त इंग्लंडमध्ये असून तिथे वापरलेली माझदा एमएक्स-5 घेणार आहे. दीड लिटरच्या गाडीला 16 इंची आणि दोन लिटरच्या गाडीला 17 इंची चाके आहेत. स्पोर्ट्स कारला मोठीच चाके हवीत, असे मला वाटते. तो मात्र 16 इंची म्हणतो. कोणाचे बरोबर?

उत्तर : चिरंजीवांचे म्हणणे अधिक बरोबर आहे, पण त्यांनी केवळ चाकावरून गाडी निवडू नये. 1989 साली ही गाडी पहिल्यांदा आली तेव्हा तिचे वजन साडेनऊशे किलोंच्या आसपास होते आणि तिला 14 इंची रिमवर 185/60 टायर होते. त्या चाकाचा व्यास फक्त 578 मिलिमीटर होता. अलॉय रिम तर साडेपाच किलोंच्या आसपास, म्हणजे आजही हेवा वाटावा इतकी हलकी होती. त्या छोट्याशा चाकांवर या गाडीने जगभर नाव कमावले. गाडी हलकी असली की ब्रेकच्या डिस्क लहान चालतात आणि डिस्क लहान असल्या की रिमही लहान चालते. रिमच्या व्यासाला खालची मर्यादा ब्रेकचा कॅलिपर घालतो. वरच्या बाजूला मर्यादा घालणारे, खरे सांगायचे तर, विक्री विभागाशिवाय कोणी नसते.

आता विचाराधीन असलेली चौथी पिढी पाहू. तिच्या दीड लिटरच्या गाडीचे 195/50 आर16 चाक व्यासाने 601 मिलिमीटर भरते आणि दोन लिटरच्या गाडीचे 205/45 आर17 चाक 616 मिलिमीटर. या पिढीत माझदाने प्रत्येक चाकाचे नट पाचवरून चारवर आणले. चार ग्रॅमचा हिशेब करणारे अभियंतेच असे करतात. दोन्ही गाड्यांचे शॉकअप त्या-त्या चाकाला धरूनच जुळवलेले असल्यामुळे दोन लिटरची गाडी 17 इंची चाकांवर बिघडलेली म्हणता येणार नाही. तिचे इंजिन जोरकस आहे, मागच्या चाकांना लिमिटेड स्लिप डिफरन्शियल (एकच चाक नुसते गरगरू न देता जोर दोन्ही चाकांना देणारी यंत्रणा) आहे आणि वळणातून बाहेर पडताना ते उपयोगी पडते. पण खेड्यापाड्यांतल्या अरुंद, ठिगळे मारलेल्या रस्त्यांवर रोज जायचे असेल तर 16 इंची चाकावर ती अधिक सैलपणे, अधिक बोलकी चालते आणि टायरही स्वस्त पडतात. दोन लिटरची गाडी घेऊन तिला 16 इंची चाके घालण्याचा विचार असेल तर ब्रेकच्या कॅलिपरला रिम घासत नाही ना, हे एक चाक प्रत्यक्ष बसवून, हाताने पूर्ण फिरवून पाहावे.

आणखी एक. एलिसची पहिली आवृत्ती पुढे 185/55 आर15 आणि मागे 205/50 आर16 अशा वेगवेगळ्या मापांच्या टायरवर उभी असे, कारण तिचे इंजिन मध्यभागी, मागच्या चाकांच्या पुढे होते आणि मागची बाजू जड होती. एमएक्स-5चे वजन पुढे-मागे जवळपास सारखे वाटलेले आहे. तिला मागे रुंद टायर घातले तर पुढची चाके आधी घसरू लागतात आणि तिचा मूळ स्वभावच जातो. हा मोह चिरंजीवांनी टाळावा.

प्रश्न (संकेश्वर) : रुंद टायरचा रस्त्याशी संपर्क जास्त असतो, मग पावसात तो अधिक सुरक्षित नाही का?

उत्तर : नाही. टायर रस्त्याला किती टेकतो हे मुख्यतः त्यावरचा भार आणि आतल्या हवेचा दाब यांवरून ठरते. पुढच्या एका चाकावर 270 किलो भार आणि 32 पौंड हवा असेल तर टेकलेले क्षेत्र सुमारे 120 चौरस सेंटिमीटर येते, मग टायर 185 असो वा 205. बदलतो तो त्या ठशाचा आकार. रुंद टायरचा ठसा आडवा आणि आखूड होतो. कोरड्या रस्त्यावर वळताना त्याचा फायदा मिळतो. पाण्यात मात्र रुंद टायरला दर क्षणी जास्त पाणी बाजूला सारावे लागते आणि ते काम उरकायला ठशाची लांबीही कमी मिळते, म्हणून तो कमी वेगाला पाण्यावर तरंगू लागतो. जुलै महिन्यात कणकुंबीकडे जाणाऱ्याने रुंदीपेक्षा खाचांची खोली पाहावी. कायद्याला 1.6 मिलिमीटर पुरते, तिथल्या पावसाला ते पुरत नाही. तीन मिलिमीटर उरले की मी नवे टायर घालतो.

प्रश्न (खानापूर) : आमचा रोजचा रस्ता वाईट आहे. अलॉय रिमला एकदा तडा गेला. तिथे पुन्हा अलॉय घ्यावी की पोलादी? तडा वेल्डिंग करून देतो, असे एक जण म्हणतो.

उत्तर : पोलादी घ्यावी. पोलादी रिम खड्ड्यात वाकते, पण बहुधा तुटत नाही. किंचित वाकलेली कडा ठोकून सरळ करता येते आणि मोडलीच तर नवी रिम अलॉयच्या कितीतरी कमी किमतीत मिळते. वजनाने ती थोडी जड असली तरी 14 इंची पोलादी रिम आणि 165/80 टायर हे जोडपे हादरे गिळण्यात 16 इंची अलॉयपेक्षा सरस ठरते, कारण त्या टायरची भिंत 132 मिलिमीटर उंच असते. मात्र आपल्या गाडीच्या ब्रेकवर 14 इंची रिम बसते का, हे आधी पाहावे. गाडी वळणात थोडी सुस्त होईल, हे मान्य करूनच तसे करावे.

वेल्डिंग करून घेऊ नये. अलॉय रिम ओतल्यानंतर तिला ठरावीक तापमानाला भट्टीत ठेवून बळकट केलेले असते. वेल्डिंगच्या उष्णतेने तडा बुजतो, पण शेजारच्या भागाचे ते बळ निघून जाते आणि पुढचा तडा तिथे पडतो. पुन्हा कधी अलॉय घेतलीच तर तिच्यावर आयएसआय चिन्ह किंवा जपानी रिमवर असतात ती जेडब्ल्यूएल आणि व्हीआयए ही अक्षरे आहेत का, हे पाहून घ्यावी.

प्रश्न (चिक्कोडी) : माझ्याकडे जुनी फियाट पुंटो आहे. मित्राच्या स्विफ्टच्या 16 इंची रिम कमी किमतीत मिळत आहेत. दुकानदार म्हणतो की भोके जवळजवळ जुळतात आणि 20 मिलिमीटरचा स्पेसर घातला की चाके बाहेर येऊन गाडी वळणात स्थिरही होईल. घालू का?

उत्तर : घालू नका. पुंटोचे चार बोल्ट 98 मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर आहेत आणि स्विफ्टची भोके 100 मिलिमीटरच्या. दोन मिलिमीटरचा फरक डोळ्यांना दिसत नाही. बोल्ट तिरपा होऊन आवळलाही जातो आणि तेच घातक आहे, कारण त्याचे शंकूसारखे बूड एकाच बाजूला टेकते आणि रस्त्याच्या हादऱ्यांनी तो सैल होत जातो. शिवाय पुंटोच्या हबचा मधला उंचवटा 58.1 मिलिमीटर आहे आणि सुझुकीच्या रिमचे मधले छिद्र 54.1 मिलिमीटर. म्हणजे छिद्र कोरून मोठे केल्याशिवाय रिम बसणारच नाही.

स्पेसरविषयी दुकानदाराचे म्हणणे अगदीच निराधार नाही. चाके बाहेर आल्याने दोन चाकांमधले अंतर वाढते आणि वळताना एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर जाणारा भार किंचित कमी होतो. पण 20 मिलिमीटर बाहेर आलेले पुढचे चाक ज्या रेषेभोवती वळते त्या रेषेपासून तेवढेच दूर जाते. मग एका चाकाखाली खड्डा आला किंवा ब्रेक लावताना एक चाक मातीच्या साइडपट्टीवर असले की स्टिअरिंग हातातून ओढले जाते. बेअरिंगवर आडवा ताण वाढतो, स्प्रिंगवर पडणारी तरफ लांबते, आणि मडगार्डच्या बाहेर आलेला टायर सगळा चिखल दारांवर फेकतो.

पुंटोसाठी 98 च्या वर्तुळाची, मूळ ऑफसेटची (म्हणजे हबवर टेकणारी बाजू रिमच्या मध्यापासून मूळच्याइतकीच दूर असलेली) वापरलेली रिम शोधणे अवघड नाही. 195/55 आर16 हा आकार फियाटने स्वतः अबार्थ पुंटोला दिला होता, त्यामुळे मापाची चिंता नको. आणि कोणी आधीच स्पेसर बसवून ठेवला असेल तर आजच एक बोल्ट काढून पाहावा. फियाटला हबमधून बाहेर आलेले स्टड नसून बाहेरून घालायचे बोल्ट असतात, म्हणून जितका जाड स्पेसर तितका लांब बोल्ट लागतो. हबच्या आत किमान बोल्टच्या जाडीइतके, म्हणजे 12 मिलिमीटर, आटे बसले पाहिजेत. बोल्ट हाताने सैल केल्यापासून पूर्ण सुटेपर्यंत त्याचे फेरे मोजावेत. ते दहापेक्षा कमी भरले तर स्पेसर काढून मूळ बोल्ट लावेपर्यंत गाडी हलवू नये.